हिरड्याची म्हणून घेतलेली भुकटी

माझं पोटाचं दुखणं कशानं बरं झालं, असं मला आजवर पुष्कळांनी विचारलं. मी सगळ्यांना एकच उत्तर दिलं : हिरड्यानं. जुन्नरला एक हकीम होता, त्याचं हिरड्याचं चूर्ण दोन वर्षं घेतलं आणि उठून बसलो. शाळेत मास्तरकी केली तेव्हा हेच सांगितलं. पुढे पारावर बसायला लागलो तेव्हाही हेच. बायकोलासुद्धा हेच. ती खरं न कळताच गेली.

असा हकीम कुणी नव्हता. ती भुकटी हिरड्याची नव्हती. ती मला ज्यानं आणून दिली त्याच्याशी मी कसा वागलो, ते सांगायची पाळी येऊ नये म्हणून मी हिरड्याच्या आड लपत आलो.

आता सांगायला कारण झाली माझी नात. प्राजक्ता पुण्याला एका प्रयोगशाळेत काम करते. गेल्या दिवाळीत आली तेव्हा मी विचारलं, "बाळ, तू दिवसभर नेमकं करतेस तरी काय?" ती म्हणाली, "आजोबा, तुमच्याच आजारावर काम करते." आणि कॅलेंडरच्या जुन्या पानामागे चित्र काढून तिनं मला समजावलं. जन्मभर मी पोरांना फळ्यावर शिकवलं, त्या दिवशी मी विद्यार्थी झालो.

पोटाच्या मागे स्वादुपिंड नावाची ग्रंथी असते. ती अन्न पचवणारे रस तयार करते. ते एवढे जहाल की मांसही विरघळवतील, म्हणून ग्रंथी त्यांना झोपवून ठेवते. आतड्यात पोचल्यावरच ते जागे होतात. ह्या रसांत जी पचवणारी द्रव्यं असतात त्यांना विकरं म्हणतात. पण त्या ग्रंथीच्या पेशींमध्ये आणखीही विकरं असतात, जी काहीच पचवत नाहीत. त्यांचं काम निरोप्याचं. आता रस सोड, आता थांब, आता डागडुजी कर, असे निरोप ती एकीकडून दुसरीकडे पोचवतात. निरोप वेळेवर गेले तर माणसाला आपल्याला स्वादुपिंड आहे हेही जन्मभर कळत नाही. एखादा निरोप चुकला, भलत्या वेळी गेला किंवा मध्येच अडला, तर रस आतल्या आत जागे होतात आणि ग्रंथी स्वतःलाच पचवायला लागते.

"तुमचं तसंच झालं असणार," ती म्हणाली. "पण एक कोडं आहे. ग्रंथी एवढी खराब झाल्यावर पचवणारी विकरं बाहेरून द्यावी लागतात. तेव्हा ती जनावरांच्या ग्रंथीपासून काढत. आपल्या डोंगराकडच्या गावात तुम्हाला ती कुणी आणून दिली?"

मी सवयीनं म्हणालो, "हिरडा."

ती हसली. "हिरड्यानं असं होत नाही, आजोबा."

हेच वाक्य फार वर्षांपूर्वी माझ्या आईनं मला म्हटलं होतं.

पिंजारी

आमचं गाव घोडेगावच्या वर, डोंगराच्या अंगाला. दिवाळी सरली आणि सकाळी घोड नदीवर धुकं बसायला लागलं की जुन्नरहून बशीर पिंजारी यायचा. खांद्यावर माणसापेक्षा उंच पिंजण, म्हणजे कापूस पिंजायची लाकडी कमान. तिच्या तातीवर, म्हणजे ताणून बसवलेल्या दोरीवर, तो लाकडी ठोकळा मारायचा तेव्हा जो आवाज निघायचा, तसा आवाज मी पुन्हा कुठे ऐकला नाही. आधी जाड, मग बारीक, मग पुन्हा जाड. तो कानावर आला की आम्ही पोरं पडवीत जाऊन बसायचो. वर्षभर दबून दगड झालेला गादीतला कापूस त्या आवाजासरशी उडायचा आणि ढिगानं फुगत जायचा. बशीरच्या भुवया, मिशा, पापण्या पांढऱ्या व्हायच्या. आई म्हणायची, "बशीर, तू तर एका दिसात म्हातारा झालास." तो म्हणायचा, "काकी, सांजच्याला अंग धुतलं का परत नवरदेव."

त्याच्या आधी त्याचे वडील आमच्याकडे यायचे. बशीर माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठा. लहानपणी तो बापाबरोबर यायचा तेव्हापासूनची आमची दोस्ती. त्यानं मला भोवरा फिरवायला शिकवला, मी त्याला अक्षरं शिकवायला बघितलं. तो म्हणाला, "माझ्या डोक्यात कापूसच हाय, सदा. अक्षर टिकत न्हाई." सदाशिव हे माझं नाव. सदा म्हणणारे आता कुणी उरले नाहीत.

आमच्या वळचणीला एक कान तुटलेला कप खोचलेला असे. तो बशीरचा. चहा पिऊन झाला की तो स्वतःच विसळायचा आणि परत खोचायचा. आम्हाला त्यात वावगं काही वाटत नसे. त्यालाही वाटत नसेल, असं आम्ही धरून चाललो होतो.

तो दिवस

मी बावीस वर्षांचा होतो. शाळा-परीक्षा आटोपून मास्तरकीच्या हुकमाची वाट पाहत होतो. आबा, म्हणजे माझे वडील, बेल्ह्याच्या बाजाराला बैल बघायला गेले होते. बशीर पडवीत पिंजत होता. मी जेवून उठलो आणि दुखायला लागलं.

ज्यांना असं दुखलं आहे त्यांना सांगायला नको. ज्यांना नाही त्यांना एवढंच सांगतो : दुखणं बेंबीच्या वरून निघून आरपार पाठीत जातं. उताणं पडलं की वाढतं, गुडघे पोटाशी घेऊन पुढे वाकलं की जरा सुसह्य होतं. उलटी होते पण उलटीनं मोकळं वाटत नाही. आईनं मीठ-मोहरी उतरवली. शेजारच्यांनी ओवा दिला. संध्याकाळपर्यंत माझी नखं काळीनिळी दिसायला लागली.

बशीरनं पिंजण भिंतीला टेकवलं. त्यानं आमचीच बैलगाडी जुंपली, नुकतीच भरलेली नवी गादी तिच्यात अंथरली आणि मला उचलून ठेवलं. आई शेजारी बसली. वाटभर तो बैलांशी एक शब्द आणि माझ्याशी दोन असं बोलत होता.

"वाकून बस, सदा. आरं तुझं पोट म्हंजी जुनी गादी झालीया. आत समदा कापूस गोळा झालाय. पुन्याच्या डाक्टरला सांगू, पिंजून द्या म्हनावं."

मला हसायचं होतं, पण हसलं की दुखायचं.

घोडेगावच्या दवाखान्यात सुई टोचली आणि सांगितलं, इथं थांबू नका. मंचरला एक मालट्रक मिळाला. पुण्याच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात पोचलो तेव्हा उजाडत होतं.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "दारू किती पितोस?" दारूबंदीचे दिवस, त्यात मी गळ्यात तुळशीची माळ घातलेला. मी ओशाळलो. बशीरच पुढे झाला. "सायेब, ह्यो माळकरी हाय. ह्यो ताक बी इचारून पितो." डॉक्टर पहिल्यांदा हसले. रक्त तपासलं, फोटो काढला आणि तिसऱ्या दिवशी, बाजारातून मागोमाग येऊन पोचलेल्या आबांना व्हरांड्यात घेऊन गेले. मला ऐकू आलं ते एवढंच : "आठ दिवस काढले तर पुढचं बघू."

निदानाचा दिवस म्हणतात तो माझ्यासाठी हा. आजाराचं नाव मला तेव्हा कळलं नाही. व्हरांड्यातून परत आलेल्या आबांनी माझ्याकडे न बघता पांघरूण सारखं केलं, त्यावरून मला कळायचं ते कळलं.

खाटेखालचा माणूस

हॉस्पिटलात मी दीड महिना होतो. नाकातून नळी, हातात सुई, तोंडात पाण्याचा थेंब नाही. पहिले अनेक दिवस मला फक्त पाणी दिसायचं. घोड नदीचं, विहिरीचं, आईच्या तांब्यातलं.

आबांना ज्वारीची राखण होती. आईला हॉस्पिटलात राहवेना, तिला त्या वासानं घेरी यायची. राहिला बशीर. त्याचा धंद्याचा हंगाम होता. दिवाळी ते संक्रांत एवढ्यातच पिंजाऱ्याची वर्षाची बेगमी होते. तो सगळा हंगाम त्यानं माझ्या खाटेखाली सतरंजीवर काढला. वॉर्डातल्या कॉटांवरच्या गाद्या दबून दगड झालेल्या. माझ्या पाठीला जखमा व्हायला लागल्या तेव्हा तो नर्सबाईंच्या मागे लागला. बाईंनी शेवटी वैतागून परवानगी दिली. त्यानं गावाहून आणलेली आमची गादी खाटेवर घातली आणि रोज दुपारी मला कुशीवर धरून ती हातानं मोकळी करायचा. नर्सबाई म्हणायच्या, "भाऊ का तुमचा?" तो म्हणायचा, "न्हाई, गिऱ्हाईक."

नळी काढली त्या दिवशी डॉक्टरांनी चार घोट चहा द्यायला सांगितलं. वॉर्डातला अॅल्युमिनियमचा मग एकच होता. मी चार घोट प्यालो आणि उरलेला चहा बशीर प्याला, त्याच मगातून. दोघांच्याही लक्षात आलं.

डॉक्टरांनी सांगितलं ते

दुखणं थांबलं, पण अंगाला अन्न लागेना. जे खाल्लं ते तसंच बाहेर पडे. शौचाला तेलकट, पाण्यावर तरंगणारं. माझ्या बरगड्या मोजता येत होत्या. डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. आबा तेव्हा गावी होते.

"तुझी ग्रंथी सध्या रस करत नाही," ते म्हणाले. "ती सावरेपर्यंत बाहेरून द्यायला हवा. ही भुकटी प्रत्येक जेवणाबरोबर घ्यायची. वर्ष, दोन वर्षं. सोडलीस तर उपाशी माणसासारखा जाशील, पोटभर खाऊन." मग थोडं थांबून म्हणाले, "ही डुकराच्या ग्रंथीपासून करतात. तुम्हा दोघांकडे बघून सांगणं भाग आहे. घरी काय सांगायचं ते तुम्ही ठरवा."

मी माळ चाचपली. बशीर उठून व्हरांड्यात गेला. बराच वेळ आला नाही. आला तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

"मला वाचता येत न्हाई," तो म्हणाला. "बाटलीवर काय लिवलंय ते मला काय ठावं? तू घे. मी आनून देत जाईन. म्हैन्याला मला कापडासाठी पुन्याला यावंच लागतंय."

"आबांना काय सांगू?"

"खरं सांग. आबा रागावतील, चार दिस बोलनार न्हाईत. पर लेकराचा जीव हाय, मानतील."

मी म्हणालो, मानणार नाहीत. घरात मांसाचं नावही निघत नव्हतं, आणि आबांची माळ त्यांच्या बापाच्या हातची. मी बशीरच्या हाता-पाया पडलो. बाटलीवरचं लेबल काढून टाकायचं, भुकटी जुन्या डब्यात भरायची आणि सांगायचं की जुन्नरच्या हकिमाचं हिरड्याचं चूर्ण आहे. आमच्या डोंगरात हिरडा मायंदाळ. हिरडा म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही.

"खोटं लई दिस पिंजता येत न्हाई, सदा," तो म्हणाला. पण कबूल झाला.

पेज

घरी आलो. आई तांदळाची पेज करायची, घट्ट, चमचा उभा राहील अशी. मी तिच्यात चमचाभर भुकटी घालायचो. आणि थोड्या वेळात, डोळ्यांदेखत, ती घट्ट पेज पाण्यासारखी पातळ व्हायची. आता कळतं, ती विकरं वाडग्यातच कामाला लागत होती. तेव्हा मला त्याची भीती वाटायची. मी घाईघाईनं पिऊन टाकायचो, आईनं बघू नये म्हणून.

तिनं पाहिलं होतं. एक दिवस वाडगा घ्यायला आली आणि म्हणाली, "हिरड्यानं असं व्हत न्हाई, बाळा. मी हिरडा कुटत जलम काढला." मी खाली बघितलं. तिनं वाडगा उचलला आणि गेली.

माझ्या अंगाला मांस धरायला लागलं. फाल्गुनात मी काठीनं नदीपर्यंत जाऊन आलो. बशीर महिन्याला यायचा. भुकटीची बाटली तो फडक्यात गुंडाळून आणायचा, फडक्यासकटच माझ्या हातात द्यायचा आणि मग आडावर जाऊन हात धुवायचा, कोपरापर्यंत. मी ते बघायचो. त्याचा अर्थ काय ते मला कळायचं. पण मला माझ्या जिवाची पडली होती, त्याच्या धर्माची नाही.

हकिमाच्या चूर्णाचा गुण बघून आबांनाही त्याचं वेड लागलं. त्यांचं पोट कायम जड असायचं. मला न विचारता डब्यातलं चमचाभर घ्यायला लागले. मला हे कळलं तेव्हा आठ दिवस होऊन गेले होते. तेव्हा सांगितलं असतं तर? मी फक्त डबा दुसरीकडे ठेवला.

लेबल

पुन्हा दिवाळी आली. बशीर बाटली घेऊन आला. ह्या खेपेस लेबल तसंच होतं.

"आता ह्ये तू काढ," तो म्हणाला. "माझ्याच्यानं व्हत न्हाई. म्हाताऱ्याला बी तू त्येच चारतुयास म्हनं. काकीनं सांगितलं, तेन्ला लई गुण आला म्हनून. सदा, आज सांगून टाक. चार दिसांनी मी पिंजण घिऊन येतो. तवा मला आबांच्या तोंडाकडं बघता आलं पायजे."

मी हो म्हणालो. बाटली कोनाड्यात ठेवली. उद्या सांगू, म्हटलं. उद्या सांगितलं नाही. परवा आबांना बाटली दिसली. हकिमानं ह्या वेळी डब्याऐवजी बाटली दिली असं त्यांना वाटलं आणि किती घ्यायचं ते लिहिलं असेल म्हणून ते ती शाळेतल्या मास्तरांकडे घेऊन गेले. मास्तर इंग्रजी जाणत होते.

चौथ्या दिवशी बशीर आला. खांद्यावर पिंजण. आबा ओट्यावर बसले होते, शेजारी मास्तर आणि गावातली पाच-सहा माणसं. मी पडवीत गादीवर. दार उघडं होतं. मला सगळं दिसत होतं आणि सगळ्यांना मी दिसत होतो.

आबांनी बाटली पुढे धरली. त्यांच्या गळ्यात माळ नव्हती. "ह्यात काय हाय, बशीर?"

बशीरनं बाटलीकडे पाहिलं नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं. किती वेळ, सांगता येत नाही. आईच्या चुलीवर दूध होतं, ते उतू जाऊन करपल्याचा वास आला, एवढा वेळ.

मला एकच वाक्य बोलायचं होतं. आबा, मला ठाऊक होतं, मीच त्याला सांगितलं. मी गादीचा काठ धरून बसलो. मनात आलं ते असं : माझ्यावर आलं तर मला घराबाहेर काढतील, मास्तरकी जाईल, गावात तोंड राहणार नाही. त्याला काय, तो जुन्नरला जाईल. खरंच असं मनात आलं. मी ते लिहितो आहे कारण ते खरं आहे.

बशीर म्हणाला, "हाय त्ये हाय, आबा. मी आनलं."

"माझ्या पोराला सांगितलं व्हतंस?"

"न्हाई."

"मुद्दाम केलंस?"

बशीरनं पिंजण खांद्यावरून उतरवून खांबाला टेकवलं.

"माझ्या बापानं घातलेली माळ," आबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज फुटला. त्यांनी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या कुणीतरी वळचणीचा कप काढला आणि दगडावर आपटला. बशीरनं पिंजण खांद्यावर घेतलं. जाताना तातीला कुठेतरी खांबाचा धक्का लागला आणि ती वाजली.

आबा आत आले, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "माझ्या भोळ्या पोराला फसवलं रं." मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडलो. सगळ्यांना वाटलं, फसवला गेलो म्हणून रडतोय.

एसटी स्टँडवरचा चहावाला

गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. डुक्कर चारणारा पिंजारी. घोडेगाव, मंचर, नारायणगाव, कुणी त्याला दारात उभं करेना. त्या हिवाळ्यात आमच्या भागात पिंजणाचा आवाज ऐकू आला नाही. लोकांनी दबलेल्या गाद्यांवर काढला हिवाळा.

बाटली आबांनी नदीत टाकली होती. पंधरा दिवसांत मी पुन्हा वाळायला लागलो. पेज पेजेसारखी घट्ट राहायची आणि मी ती बघत बसायचो. एका बाजाराच्या दिवशी आई घोडेगावहून आली. टोपलीतल्या मेथीखाली एक डबा होता.

"स्टँडवरल्या च्यावाल्याकडं ठिवला व्हता कुनीतरी," ती म्हणाली. "तुझ्यासाठी."

डब्यात भुकटी होती. लेबल नव्हतं.

ती स्वतः चमचा घेऊन पेजेत घालू लागली. पेज पातळ होताना आम्ही दोघं बघत होतो. मग ती हळूच म्हणाली, "सगळं गाव म्हनतंय त्यानं मुद्दाम क्येलं. आरं, त्याला तरी डुक्कर चालतंय का?" एवढ्या माणसांत हे फक्त तिच्या लक्षात आलं होतं.

"आई, मला..."

"मला ठावं हाय, बाळा, तुला ठावं व्हतं त्ये. पी."

आबांना तिनं कधी सांगितलं नाही. बापासमोर पोराला उघडं पाडायचं नाही, असं तिनं ठरवलं असावं. त्याची किंमत बशीर देत होता हे तिला कळत होतं की नाही, मला माहीत नाही. तो डबा दर महिन्याला येत राहिला, वर्षभर. मग एक महिना आला नाही. मी घाबरलो. पुण्याला तपासायला गेलो तर डॉक्टर म्हणाले, "आता गरज नाही. तुझ्या मित्राला मी मागच्याच महिन्यात सांगितलं. तो विचारायला आला होता."

बेल्हे

मला मास्तरकी मिळाली, लग्न झालं. आबांनी पुन्हा माळ घातली आणि माळेसह गेले. ते गेले तेव्हा वाटलं, आता जुन्नरला जाऊन यावं. मग वाटलं, आता कशाला. ओतूरला माझी बदली झाली तेव्हा जुन्नर किती जवळ होतं! शाळेच्या कामानं कितीदा गेलो आणि पिंजारी राहायचे ती गल्ली सोडून दुसरीकडून वळलो.

बेल्ह्याच्या बाजारात तो मला अचानक भेटला. बऱ्याच वर्षांनी. केस पांढरे झालेले, आणि मला क्षणभर वाटलं, कापूसच आहे. तो कुणाच्या तरी दुकानात गाद्या भरायचा, रोजावर. पिंजण खुंटीला टांगलं होतं, आता यंत्रानं पिंजतात, म्हणाला. आम्ही चहाच्या टपरीवर बसलो, एका बाकावर, सारख्या दोन ग्लासांत.

"आबा गेले कळलं. मानूस चांगला व्हता."

"बशीर, त्या दिवशी ओट्यावर..."

"सदा, च्या निवतोय."

मी चहा प्यालो. खरं सांगतो, मला बरं वाटलं. त्यानं मला अडवलं, आता माझ्याकडून राहिलं नाही, असं मी स्वतःला सांगितलं. उठताना त्यानं विचारलं, "पोट कसं हाय?" मी म्हणालो, "बरं हाय." तो खूश झाला. आपण भरलेली गादी चांगली निघाली की व्हायचा, तसा.

ज्यांना हा आजार झाला आहे त्यांना माझं सांगणं आहे : हिरड्याच्या भरवशावर राहू नका. मी पुष्कळांना तो सुचवला आणि ते पाप माझ्या माथी आहे. डॉक्टर देतील ते घ्या, कशाचं आहे ते विचारा, आणि घरात खरं सांगा. पोटात दुखण्यापेक्षा ते सोपं असतं, त्या वेळी तसं वाटत नाही एवढंच.

जुन्नर

बशीर गेल्याचं मला उशिरा कळलं. मी गेलो. गल्ली विचारावी लागली नाही, पायांना ठाऊक होती. त्याच्या मुलानं दार उघडलं. पन्नाशीचा माणूस, बापासारख्याच भुवया. मला चटईवर बसवलं, कपबशीत चहा आणला. भिंतीला पिंजण टांगलेलं होतं, तात नसलेलं.

"तुमी कुठले, भाऊ?"

मी घोडेगावाकडचा, म्हणालो.

"अब्बांचे वळखीचे?"

तोंडातून शब्द निघाले ते असे : "त्यांनी आमच्या गाद्या पिंजल्या होत्या. गिऱ्हाईक."

त्याचा चेहरा उजळला. "तिकडचेच म्हंजी सदा मास्तर तुमाला ठाऊक असतील. अब्बा शेवटपत्तुर त्यांचं नाव काढायचे. म्हनायचे, लई दुखनाईत मानूस, पर वाचला. तिकडचं कुनी आलं का इचारायचे." तो माझ्याकडे वाकला. "कसं हाय त्यांचं पोट?"

त्याच्या मागे भिंतीवर ती मुकी कमान होती. मी कप खाली ठेवला.

"बरं हाय," मी म्हणालो, आणि चपला घातल्या.